विश्लेषण : भीतीची आठवण चुंबकाने पुसता येते का?

डोक्याला चुंबकीय कॉइल लावून जुनी भीती काही मिनिटांत घालवता येते, असे सांगणाऱ्या बातम्या आणि चित्रफिती अधूनमधून मोबाइलवर फिरत असतात. त्यामागचे संशोधन खोटे नाही. पण ‘आठवण पुसली’ हे त्याचे वर्णन चुकीचे आहे. ही चूक केवळ शब्दांची म्हणून सोडून देता येत नाही, कारण चिंतेने ग्रासलेला माणूस आणि त्याचे घरचे याच शब्दांवर विसंबून उपचार निवडतात. प्रयोगशाळेत काय दिसले, रुग्णांवर काय आढळले आणि या दोहोंत किती अंतर आहे, याचा हा आढावा.

इटलीतील प्रयोग काय होता?

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारा बोर्गोमानेरी आणि जुझेप्पे दि पेलेग्रिनो हे त्यातील प्रमुख संशोधक. प्रयोगात भाग घेणारे सगळे निरोगी स्वयंसेवक होते. पहिल्या दिवशी त्यांना काही चित्रे दाखवली गेली. त्यातील ठरावीक चित्र आले की अप्रिय वाटेल असा विजेचा सौम्य झटका बसत असे. थोड्याच वेळात झटका नसतानाही ते चित्र पाहून हाताला घाम सुटू लागला. त्वचेतून वीज किती सहज वाहते हे मोजून हा घाम टिपता येतो. भीती वाटते की नाही हे माणसाच्या बोलण्यावर न सोडता त्याच्या शरीराला विचारण्याची ही जुनी पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच चित्राची एक झलक दाखवून ती आठवण जागी केली गेली. त्यानंतर दहा मिनिटांनी कपाळामागच्या मेंदूच्या बाह्य भागावर, म्हणजे डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर, चुंबकीय स्पंदने देण्यात आली. त्या भागाच्या कामात काही काळ अडथळा आणणे, हा त्यामागचा हेतू. तिसऱ्या दिवशी तपासले, तेव्हा या गटाची शारीरिक प्रतिक्रिया इतरांपेक्षा कमी झालेली होती. नंतर ती भीती पुन्हा उसळलीही नाही.

या प्रयोगाची खरी ताकद त्याच्या तुलनेच्या गटांत आहे. काहींना स्पंदने दिली, पण आधी आठवण जागी केली नाही. त्यांच्यावर परिणाम झाला नाही. काहींना नकली स्पंदने दिली. तिथेही परिणाम नाही. म्हणजे केवळ चुंबकाने काही होत नव्हते आणि केवळ आठवण काढूनही होत नव्हते. दोन्ही गोष्टी ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेळेत घडाव्या लागत होत्या. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून नेमका हाच भाग गळून जातो.

आठवण जागी झाली की बदलते कशी?

आठवण एकदा मेंदूत पक्की झाली की दगडावरच्या रेघेसारखी राहते, असा समज विसाव्या शतकात बराच काळ होता. त्याला पहिला तडा १९६८ मध्ये गेला. जेम्स मिसानिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये आदल्या दिवशीची भीती जागी केली आणि लगेच मेंदूला विजेचा तीव्र झटका दिला. उंदीर ती भीती विसरल्यासारखे वागू लागले. आठवण जागी न करता झटका दिला, तर ती शाबूत राहत होती. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा निकाल मिळाला नाही. विषय बाजूला पडला.

तो पुन्हा उचलला गेला २००० मध्ये. न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती बसवली. मग तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डला या भागात नवी प्रथिने तयार होऊ न देणारे औषध टोचले. अमिग्डला म्हणजे मेंदूच्या खोल भागातली बदामाच्या आकाराची गाठ. धोका ओळखून शरीराला सावध करण्यात तिचा मोठा वाटा असतो. औषध दिलेल्या उंदरांची भीती नंतर मंदावली. तेच औषध सहा तासांनी दिले, तर काहीच फरक पडला नाही.

यातून निघालेला अर्थ असा : आठवण बाहेर काढली की ती काही तासांपुरती मऊ पडते आणि पुन्हा जागेवर ठेवताना मेंदूला ती नव्याने घट्ट करावी लागते. शास्त्रज्ञ याला ‘रिकन्सॉलिडेशन’ म्हणतात. मराठीत ‘पुनर्घट्टीकरण’ म्हणता येईल. कपाटातली जुनी वही काढून वाचताना आपण तीत दुरुस्ती करू शकतो. वही कपाटातच असेल तर नाही. पेन हाती असले तरी वही उघडलेली असावी लागते, असा हा प्रकार आहे.

माणसांवर याचा धक्कादायक म्हणावा असा पुरावा नेदरलँड्समधून २०१४ मध्ये आला. मरैन क्रूस आणि सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्यामुळे विद्युत-उपचार, म्हणजे ईसीटी, घेणाऱ्या रुग्णांना चित्रांच्या साहाय्याने दोन क्लेशकारक गोष्टी दाखवल्या. आठवड्यानंतर, भूल देण्याच्या थोडे आधी, त्यातील एकाच गोष्टीची आठवण करून दिली. उपचारानंतर दुसऱ्या दिवशी विचारले असता जागी केलेली गोष्ट रुग्णांना धड आठवेना. दुसरी मात्र आठवत होती. उपचारानंतर लगेच तपासलेल्या रुग्णांत हा फरक दिसला नाही. पुन्हा घट्ट होण्याच्या क्रियेत बाधा आली की नाही हे कळायला वेळ जावा लागतो, या कल्पनेशी ते जुळणारे होते. अर्थात ईसीटीमुळे भुलेखाली मेंदूत झटका निर्माण केला जातो. केवळ कोळ्याची किंवा लिफ्टची भीती घालवण्यासाठी कोणी तो देणार नाही.

‘पुसणे’ का म्हणू नये?

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. या म्हणीत दोन वेगळ्या आठवणी दडलेल्या आहेत. कधी, कुठे, कोणाच्या घरी दूध पिताना पोळले, ही झाली घटनेची आठवण. ताकाचा पेला समोर आला की ओठ आपोआप फुंकर घालतात, ही झाली शरीराची आठवण. पहिलीत हिप्पोकॅम्पस या भागाचा वाटा मोठा, दुसरीत अमिग्डलाचा. भीतीवरचे बहुतेक प्रयोग या दुसऱ्या आठवणीला हात घालतात.

ॲमस्टरडॅम विद्यापीठातील मेरेल किंट यांनी २००९ मध्ये हे फार स्पष्टपणे दाखवले. त्यांनी चुंबकाऐवजी प्रोप्रॅनोलोल हे औषध वापरले. रक्तदाब आणि हृदयाच्या तक्रारींसाठी ते अनेक वर्षे वापरात आहे. औषध देऊन आठवण जागी केल्यानंतर दुसऱ्या दिवशी लोकांचे दचकणे जवळपास नाहीसे झाले होते. पण कोणत्या चित्रानंतर झटका येतो, हे ते अचूक सांगू शकत होते. माहिती तशीच होती, फक्त तिला चिकटलेली धास्ती सुटली होती.

अपघातातून वाचलेल्या माणसाला नेमके हेच हवे असते. घाटातला तो वळणरस्ता विसरून जावा अशी त्याची मागणी नसते. त्या वळणावर पुन्हा गाडी चालवता यावी, एवढीच असते. ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ या २००४ च्या चित्रपटात नको असलेली माणसेच्या माणसे मेंदूतून पुसली जातात. तसे करणारे यंत्र आज कोठेही नाही आणि या संशोधनाचे ते ध्येयही नाही.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये उंदरांच्या मेंदूत खोटी भीतिदायक आठवण निर्माण केली आणि २०१४ मध्ये वाईट आठवणीचा रंग बदलून ती सुखद केली, हे खरे. चित्रफितींत याचीही सरमिसळ असते. पण त्यासाठी उंदरांच्या पेशींत जनुकीय बदल करून मेंदूत प्रकाशाची तार सोडावी लागली होती. दवाखान्यातल्या कॉइलशी त्याचा संबंध नाही.

कॉइल नेमके काय करते?

ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस, हे तंत्र १९८५ मध्ये ब्रिटनमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी विकसित केले. तत्त्व शाळेत शिकलेलेच, फॅरेडेचे. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते कवटीतून सहज आत जाते आणि खालच्या चेतापेशींत अगदी लहान प्रवाह निर्माण करते. हे क्षेत्र एमआरआय यंत्राच्या तोडीचे असते, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकते. स्पंदने सावकाश दिली तर त्या भागाची क्रिया साधारणपणे मंदावते, भराभर दिली तर वाढते. भूल लागत नाही. रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, टकटक असा मोठा आवाज येतो, त्यामुळे कानात बोळे घालतात.

मर्यादा खोलीची आहे. नेहमीच्या कॉइलचा परिणाम कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो. अमिग्डला त्याहून बरीच खोल. म्हणून भीतीच्या मुख्य ठाण्यावर थेट जाता येत नाही आणि त्याच्याशी जोडलेल्या वरच्या भागातून आडवळणाने जावे लागते. हे जाळे प्रत्येकात थोडे वेगळे असते. बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात म्हणूनच आधी प्रत्येकाच्या मेंदूचे स्कॅन घेऊन जागा ठरवली होती.

त्या प्रयोगाची दिशाही इटलीच्या उलट होती. धोका टळला आहे हे मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवले की भीती कमी होत जाते. याला ‘एक्स्टिंक्शन’ म्हणतात. यात जुनी आठवण तशीच राहते आणि तिच्यावर ‘आता धोका नाही’ अशी नवी आठवण बसते. ही नवी आठवण कच्ची असली की काही महिन्यांनी, नव्या जागी किंवा ताणाच्या प्रसंगी जुनी भीती डोके वर काढते. विझलेली प्रतिक्रिया अशी परत येते, हे पावलोव्हनेही नोंदवले होते. बोस्टनच्या संशोधकांनी स्पंदने देऊन ही नवी आठवण बळकट करण्याचा प्रयत्न केला आणि त्यांनाही दुसऱ्या दिवशी कमी भीती आढळली. म्हणजे एक गट जुनी आठवण घट्ट होण्यात अडथळा आणतो, दुसरा नवी आठवण पक्की करू पाहतो. ‘भीतीवर टीएमएस’ एवढेच म्हटले तर यातले काय अभिप्रेत आहे, हे कळत नाही.

रुग्णांवर वापरल्यावर काय दिसले?

बातमी इथे अवघड होते. निरोगी तरुणांना आदल्या दिवशी दिलेला सौम्य झटका आणि एखाद्या बाईने वर्षानुवर्षे सोसलेली मारहाण यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा तणावाचा विकार, असलेल्या रुग्णांवरचे निकाल सर्वात महत्त्वाचे ठरतात.

इस्रायलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये जेमतेम ३० रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णाला आधी त्याच्या आघाताची थोडक्यात आठवण करून द्यायची आणि लगेच जरा खोलवर पोहोचणारी स्पंदने द्यायची, अशी तिची रीत होती. निकाल आशादायक होते. वर मांडलेल्या सिद्धान्तातही ते चपखल बसत होते. साहजिकच मोठी चाचणी हाती घेण्यात आली. १६ केंद्रे, १२५ रुग्ण. अर्ध्यांना खरी स्पंदने, अर्ध्यांना नकली. नकली उपचारात कॉइल तीच, आवाज तोच, पण मेंदूवर परिणाम करणारे क्षेत्र नाही. आघाताची आठवण मात्र दोन्ही गटांना करून दिली जात होती.

तिचे निकाल २०२१ मध्ये आले. दोन्ही गटांत लक्षणीय सुधारणा झाली होती. पण नकली उपचाराच्या गटात ती जास्त होती. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या मोजपट्टीवर खरी स्पंदने घेतलेल्यांचे गुण सरासरी सुमारे १६ ने उतरले, तर नकली घेतलेल्यांचे सुमारे २० ने.

या निकालाची बातमी मराठीत फारशी कोठे झाली नाही. खरे तर ‘चुंबकाने आठवण पुसली’ या बातमीपेक्षा ती मोठी होती. ती दोन गोष्टी सांगते. एक, सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसासमोर आघाताची थोडा थोडा वेळ आठवण काढणे हाच एक प्रभावी उपचार आहे. यंत्राच्या तयारीसाठी म्हणून ठेवलेला भागच बहुधा काम करत होता. दोन, चुकीच्या जागी किंवा चुकीच्या वेगाने दिलेली स्पंदने या नैसर्गिक सुधारणेत खोडा घालू शकतात. ‘फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही’ हे वाक्य त्यामुळे इथे आंधळेपणाने वापरता येत नाही.

म्हणून हा मार्ग बंद झाला असेही नाही. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांवरील, २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर आठवड्याच्या मानसोपचाराच्या सत्राआधी मेंदूच्या उजव्या बाजूला सावकाश स्पंदने दिली गेली. स्पंदने आणि मानसोपचार असे दोन्ही घेणाऱ्यांची सुधारणा नकली स्पंदने आणि मानसोपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक होती आणि ती सहा महिने टिकली.

ओसीडी या आजारातला अनुभवही बोलका आहे. पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे अशा सक्तीच्या कृती त्यात असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या आजारासाठी टीएमएसला परवानगी दिली. ज्या चाचणीवर ती आधारली होती, तीत ३८ टक्के रुग्णांना उपयोग झाला, तर नकली उपचाराच्या गटात ११ टक्क्यांना. आणि या पद्धतीत प्रत्येक सत्रापूर्वी रुग्णाला मुद्दाम त्याची ती विशिष्ट अस्वस्थता जाणवेल, असे काही दाखवले किंवा करायला लावले जाते. तिथेही वही उघडूनच पेन चालवले जाते. नैराश्यासाठीची परवानगी त्याआधी, २००८ मध्येच मिळाली होती. नैराश्यासोबत येणाऱ्या चिंतेच्या लक्षणांसाठीही पुढे मुभा मिळाली. केवळ चिंताविकार किंवा पीटीएसडी मात्र या यादीत नाही.

मूळ सिद्धान्तच कितपत पक्का?

२०१० मध्ये डॅनिएला शिलर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दावा केला होता की औषध किंवा यंत्राशिवाय, फक्त आठवण जागी करून योग्य वेळेत धीर चेपणारा सराव दिला, तरी भीती परत येत नाही. शेकडो शोधनिबंधांत त्याचा उल्लेख झाला. बेल्जियममधील संशोधकांनी पद्धत आधीच जाहीर करून हाच प्रयोग काटेकोरपणे पुन्हा केला. २०२० मध्ये त्यांनी कळवले की तसा टिकाऊ परिणाम त्यांना मिळाला नाही. प्रोप्रॅनोलोलच्या बाबतीतही असे घडले आहे. १९६८ नंतर १९६९ मध्ये जे झाले, त्याचीच ही नवी आवृत्ती.

याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की आठवण नुसती आली म्हणून ती मऊ पडत नाही. आठवताना काहीतरी अपेक्षेपेक्षा वेगळे घडावे लागते, तरच मेंदू वहीत दुरुस्ती करायला घेतो. फार जुन्या आणि फार तीव्र आठवणी तर सहजी मऊ पडतच नाहीत, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. आणि रुग्ण डॉक्टरकडे येतात ते नेमक्या अशाच आठवणी घेऊन. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. पण आठवण मऊ पडली होती की नाही, हे आधी तपासण्याचे साधन नाही. प्रयोग फसला की ‘मऊ पडली नसेल’ म्हणता येते. ज्या सिद्धान्ताला अशी पळवाट असते, त्याकडे थोडे सावधपणेच पाहावे.

शिवाय प्रत्येक चिंतेमागे एखादी घटना असतेच असे नाही. कुत्रा चावला, गाडी उलटली, पुरात घर गेले, हल्ला झाला, अशा वेळी भीतीची आठवण शोधता येते. पण मुलांची नोकरी, कर्ज, आईचे आजारपण अशी सतत पुढची काळजी करत राहणाऱ्या माणसाची चिंता भूतकाळातल्या एका क्षणात बांधलेली नसते. तिथे जागी करायची आठवण कोणती, याचेच उत्तर नाही.

भीती काढण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या जैवनीतिशास्त्र परिषदेने २००३ मध्येच आठवणींची धार बोथट करणाऱ्या औषधांबद्दल चिंता व्यक्त केली होती. अन्याय सोसलेल्या माणसाची वेदना काढून टाकली, तर अन्यायाची जाणीवही बोथट होईल का, हा त्यातला मुख्य प्रश्न. अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीला न्यायालयात साक्ष द्यायची असेल, तर उपचाराने तिच्या सांगण्यावर परिणाम झाला असा आक्षेप बचाव पक्ष घेऊ शकतो. किंट यांच्या प्रयोगात माहिती शाबूत राहिली, हे यावर काहीसे उत्तर आहे. क्रूस यांच्या प्रयोगात ती राहिली नाही, हेही विसरून चालत नाही.

पण या आक्षेपाची एक बाजू बोचते. वेदना बाळगत राहणे हे पीडितेचे कर्तव्य असल्यासारखी चर्चा अनेकदा ती न भोगलेले लोक करतात. रात्रीची झोप उडालेल्या माणसाने समाजाची सद्सद्विवेकबुद्धी जागी ठेवण्यासाठी तसेच राहावे, ही अपेक्षा क्रूर आहे. निर्णय त्या व्यक्तीचा असायला हवा आणि तो तिला पूर्ण माहिती देऊन, दबावाविना घेता यायला हवा. सैन्य, पोलीस किंवा मालक आपल्या माणसांना लवकर कामावर परतवण्यासाठी असा उपचार सक्तीचा करू लागले, तर प्रश्न वेगळा होईल.

भारतात काय स्थिती आहे?

टीएमएस भारतात नवे नाही. बेंगळूरुच्या निम्हान्समध्ये ते वापरले जाते. मुंबई-पुण्यातील काही खासगी मानसोपचार केंद्रांतही ते मिळते. नैराश्यासाठी सहसा आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे सत्रे घ्यावी लागतात. गावाहून शहरात रोज येणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी एवढ्यातच दार बंद होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता ईसीटी करण्यास बंदी घातली. मेंदूवरील मानसोपचारविषयक शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची संमती आणि मंडळाची मंजुरी आवश्यक केली. टीएमएसचा उल्लेख कायद्यात नाही. शस्त्रक्रिया नसलेल्या, तुलनेने सुरक्षित उपचारावर तेवढे निर्बंध नकोतच. परंतु कोणत्या आजारासाठी पुरावा आहे आणि कोणत्या नाही, हे रुग्णाला लेखी सांगण्याचे बंधन असायला हरकत नाही.

निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथले चित्र फार वेगळे असेल असे मानायला आधार नाही. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, मानसशास्त्रीय उपचार करणारे त्याहून विरळ. १२५ रुग्णांच्या त्या चाचणीत ज्या गोष्टीचा सर्वाधिक फायदा झालेला दिसतो, ती म्हणजे प्रशिक्षित माणसासमोर आठवणीला सामोरे जाणे, नेमकी तीच आपल्याकडे सर्वात दुर्मीळ आहे. यंत्र विकत घेता येते. त्याचे उद्घाटनही करता येते. समुपदेशक घडवायला वर्षे लागतात, आणि त्याची फीत कापता येत नाही.

कोणी टीएमएस सुचवले, तर काही गोष्टी आधी विचाराव्यात. निदान नेमके काय आहे? त्या आजारासाठी हा उपचार मान्य आहे की प्रायोगिक? सोबत मानसोपचाराची सत्रे आहेत की फक्त कॉइल? ती सत्रे कोण घेणार आणि त्या व्यक्तीची पात्रता काय? डोके दुखणे हा नेहमीचा दुष्परिणाम असतो. क्वचित फिट येऊ शकते. पूर्वी फिट आलेली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल, तर ते आधीच सांगणे आवश्यक. इंटरनेटवर विकत मिळणारी, कपाळाला बॅटरीचा सौम्य प्रवाह देणारी उपकरणे हा वेगळा प्रकार आहे. टीएमएसचा पुरावा त्यांना लागू होत नाही आणि ती घरच्या घरी वापरून पाहू नयेत.

आणि जवळपास कोणीच नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते.